डोळ्यांत राहणारे जंतू शुगर वाढली की बदलतात का? मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी साखर का बघतात?

मोतीबिंदूच्या मोफत शिबिरात एक प्रसंग हमखास घडतो. गावातून पहाटे गाडी निघते. त्यात डोळ्याला हिरवं फडकं लावायची मनाची तयारी करून आलेले आजी-आजोबा असतात, सोबत पिशवी आणि कुणीतरी एक नातू. तपासणी होते, मोतीबिंदू पिकलाय असं निदान होतं. मग बोटाला सुई टोचतात आणि मशीनवर आकडा येतो २८०. सिस्टर सांगतात, "आजी, तुमचं ऑपरेशन आज नाही. आधी शुगर कमी करून या."

आजी चिडतात. त्यांचा प्रश्न रास्त असतो: "दुखणं डोळ्याचं, आणि रक्त कशाला बघता?"

या प्रश्नाचं उत्तर मोठं रंजक आहे. त्यातला एक भाग डोळ्याच्या पृष्ठभागावर राहणाऱ्या जंतूंपाशी येऊन थांबतो. हो, तुमच्या डोळ्यावर आत्ता, हे वाचत असतानाही, बॅक्टेरिया आहेत. डोळा लाल नाही, खुपत नाही, चिपाड येत नाही, तरीही आहेत.

आधी कर्जतचं सांगू

हे कर्जत म्हणजे लोकलवालं, रायगडचं कर्जत नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातलं कर्जत. राशीनची यमाई, भीमेकाठचं सिद्धटेक आणि रेहेकुरीची काळवीटं असलेला तालुका. पाऊस कमी, रब्बीची ज्वारी जुनी, आणि जिथं कुकडीचं पाणी पोहोचलं तिथं ऊस. जिल्ह्याचं ठिकाण सत्तर-पाऊणशे किलोमीटरवर.

डोळ्यांच्या गोष्टीत या तपशिलाला महत्त्व आहे. ज्वारी काढताना उडणारं कूस, उसाच्या पाचटाची धार, खळ्यावरची धूळ या सगळ्यांचा पहिला संबंध डोळ्याशी येतो. आणि शुगर ही आता फक्त शहरातली गोष्ट राहिलेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. शहरी भागात हे प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के. म्हणजे गावातल्या मोठ्या माणसांपैकी साधारण अकरा-बारा जणांमागे एक. कर्जत, मिरजगाव, राशीन अशा कुठल्याही बाजाराच्या गावात मेडिकलवर मेटफॉर्मिनच्या पट्ट्या किती खपतात हे विचारलं तर त्याची साक्ष मिळेल.

थोडक्यात, कष्टाचं शेत, वयानुसार येणारा मोतीबिंदू आणि रक्तातली साखर या तीन गोष्टी आता एकाच माणसात भेटायला लागल्यात.

डोळ्यावर जंतू असतात, पण फार थोडे

आपल्या कातडीवर, तोंडात, आतड्यांत जंतूंची वस्ती असते हे आता बहुतेकांना माहीत आहे. डोळा मात्र स्वच्छ असतो असा आपला समज. तो पूर्ण खरा नाही आणि पूर्ण खोटाही नाही.

डोळ्याचं पांढरं आणि पापण्यांची आतली बाजू झाकणारा जो पातळ पारदर्शक पडदा असतो त्याला नेत्रश्लेष्मला म्हणतात. त्यावर कापसाचा निर्जंतुक बोळा फिरवून तो प्रयोगशाळेत वाढवायला ठेवला, तर बऱ्याच निरोगी माणसांच्या नमुन्यात काहीतरी उगवतं. सगळ्यात जास्त सापडतो स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस. हा तुमच्या कातडीवरचाच गरीब रहिवासी. त्याच्या जोडीला कोरिनेबॅक्टेरियम, क्युटिबॅक्टेरियम, कधीकधी स्टॅफिलोकोकस ऑरियस. शेवटचा जरा दांडगा. रांजणवाडी येते ना, ती बहुतेक वेळा याचीच करणी.

पण संख्या? अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये जनुकीय पद्धतीनं मोजून बघितलं तेव्हा चेहऱ्याच्या कातडीच्या किंवा गालाच्या आतल्या अस्तराच्या तुलनेत डोळ्यावरचे जंतू शंभर पटींहून कमी निघाले. तोंड म्हणजे आठवडी बाजार धरला, तर डोळा म्हणजे दुपारच्या उन्हातली वस्ती. माणसं आहेत, पण तुरळक.

ही वस्ती तुरळक ठेवण्याचं काम अश्रू करतात. आपण मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापणी लववतो आणि प्रत्येक वेळी डोळा पुसला जातो. एका थेंबाहूनही कमी असलेल्या त्या ओलाव्यात लायसोझाइम, लॅक्टोफेरिन आणि प्रतिपिंडं असतात.

लायसोझाइमची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पेनिसिलीनवाले अलेक्झांडर फ्लेमिंग. पेनिसिलीनच्या कितीतरी आधी, १९२१-२२ च्या सुमारास त्यांना सर्दी झाली होती आणि नाकातला शेंबूड त्यांनी जंतूंच्या थाळीवर टाकून बघितला. जंतू विरघळले. मग लक्षात आलं की हेच द्रव्य अश्रूंमध्ये भरपूर आहे. झालं, प्रयोगासाठी अश्रू हवेत म्हणून लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळायला सुरुवात झाली. रडणं विज्ञानाच्या कामी आलं ते असं.

मग शुगरमुळे काय बदलतं?

मधुमेह असलेल्या माणसाच्या डोळ्यावर होणारे काही बदल पक्के ठाऊक आहेत. पहिला म्हणजे अश्रू कमी होतात. डोळे कोरडे पडण्याचा त्रास मधुमेहींमध्ये जास्त दिसतो. दुसरा म्हणजे बुबुळाच्या वरचा जो पारदर्शक भाग, पारपटल, त्याची संवेदना मंदावते. पायाला मुंग्या येऊन पाय बधिर होतो तसंच हे, फक्त डोळ्यात. पायात काटा रुतला तरी कळत नाही म्हणून शुगरवाल्यांना रोज तळवे बघायला सांगतात. डोळ्याला तसं कुणी सांगत नाही. कूस गेलं तरी फारसं खुपत नाही आणि माणूस दोन दिवस तसाच शेतात काम करत राहतो.

तिसरा बदल असा की जखम हळू भरते. आणि चौथा, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, ज्या जंतूंवर धावून जातात, त्या साखर फार वाढलेली असली की सुस्तावतात.

म्हणजे पुसणारा हात ढिला, राखणदार सुस्त आणि कुंपणाला भोकं. अशा ठिकाणी वस्ती बदलणार, हा अंदाज कुणीही बांधेल. पण अंदाज आणि पुरावा यांत फरक असतो.

पुराव्याकडे येऊ. ब्राझीलमधल्या नेत्रतज्ज्ञांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मधुमेही आणि मधुमेह नसलेले अशा दोन्ही गटांच्या डोळ्यांतून नमुने घेतले. मधुमेहींच्या नमुन्यांत जंतू उगवण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त होतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ज्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेला होता, त्यांच्यात हे प्रमाण आणखी वाढलेलं दिसलं. पडदा डोळ्याच्या अगदी मागे, जंतू अगदी पुढे. दोघांचा थेट संबंध नाही. पण पडद्यावर परिणाम होणं म्हणजे शुगर बराच काळ बेलगाम असल्याची खूण. म्हणजे नुसता 'मधुमेह आहे की नाही' एवढंच बघून भागत नाही, तो किती जुना आहे आणि किती आटोक्यात आहे हेही बघावं लागतं.

नंतरच्या काळात बोळ्यावर जंतू वाढवण्याऐवजी त्यांचे जनुक वाचायची पद्धत आली. प्रयोगशाळेच्या थाळीत सगळेच जंतू उगवत नाहीत, त्यामुळे जुनी पद्धत अर्धीच हजेरी घ्यायची. चीनमधल्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांवर नवी पद्धत वापरली आणि त्यांच्या डोळ्यांवरच्या जंतूंची रचना निरोगी लोकांपेक्षा वेगळी असल्याचं मांडलं. आपल्याकडे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत डोळ्याच्या आणि आतड्याच्या जंतूंवर बरंच काम झालंय. मधुमेहामुळे पडदा खराब झालेल्या रुग्णांच्या आतड्यातल्या जंतूंची रचना वेगळी असते, असा त्यांचा २०२१ मधला अभ्यास आहे.

आता जरा सबुरीनं घ्यायला हवं. डोळ्यावर जंतू मुळातच इतके थोडे असतात की नमुना घेताना, तपासणीच्या रसायनातून, अगदी हवेतूनही आलेले परके जनुक मोजणीत घुसतात आणि ते खऱ्या रहिवाशांसारखे दिसतात. शिवाय जनुक वाचणारं यंत्र जिवंत आणि मेलेला जंतू यांत फरक करत नाही. मेलेल्यांचीही नावं मतदारयादीत राहतात, तसंच. म्हणून कुठल्या देशातल्या अभ्यासात कुठला जंतू वाढला याची यादी एकमेकांशी जुळतेच असं नाही.

आणि ते 'गोड अश्रूं'चं काय? शुगर वाढली की अश्रूंमधली साखरही वाढते, हे खरं आहे. त्यावरून 'जंतूंना खाऊ मिळतो म्हणून ते वाढतात' अशी सोपी गोष्ट सांगायचा मोह होतो. व्हॉट्सॲपवर चालेल अशी ती गोष्ट आहे. पण डोळ्यावर प्रत्यक्षात असंच घडतं याचा भक्कम पुरावा नाही. अश्रू कमी होणं आणि प्रतिकारशक्ती मंदावणं हीच कारणं जास्त पटणारी आहेत.

पण हे जंतू काही करत नाहीत, मग भीती कसली?

बरोबर. डोळ्याच्या बाहेर आहेत तोवर ते काही करत नाहीत. उलट ते असल्यामुळे दांडग्या जंतूंना जागा कमी मिळते, असंही मानलं जातं. प्रश्न ते आत गेले तर आहे.

मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे डोळ्याला बारीक छेद घेऊन आतलं गढूळ भिंग काढायचं आणि कृत्रिम भिंग बसवायचं. या छेदातून, अश्रूंवर तरंगणारे चार जंतू आत जाऊ शकतात. बहुतेक वेळा डोळा त्यांना निस्तरतो. पण डोळ्याच्या मागच्या भागात जेलीसारखा द्रव असतो. तिथं रक्तवाहिन्या नाहीत, म्हणजे पांढऱ्या पेशींची कुमक उशिरा पोहोचते. तिथं जंतू रुजले की अख्ख्या डोळ्यात पू होतो. याला एंडोफ्थॅल्मायटिस म्हणतात. हा प्रकार विरळ आहे, पण झाला तर काही दिवसांत दृष्टी घालवू शकतो.

हे जंतू येतात कुठून, याचा छडा १९९१ मध्ये लागला. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी असा संसर्ग झालेल्या १७ रुग्णांच्या डोळ्याच्या आतले जंतू आणि त्याच रुग्णांच्या पापण्या, नेत्रश्लेष्मला, नाक इथले जंतू जनुकीय पातळीवर ताडून बघितले. १७ पैकी १४ जणांमध्ये दोन्ही एकच निघाले. चोर बाहेरचा नव्हता, घरातलाच होता.

अमेरिकेतच १९९५ मध्ये ४२० रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्या डोळ्यांतून जंतू खात्रीनं वाढवता आले, त्यांतल्या सुमारे ७० टक्के डोळ्यांत आपल्या ओळखीच्या त्या गरीब रहिवाशाचं, स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिसचं, घराणं सापडलं. आणि त्याच अभ्यासात, उपचारानंतर चांगली दृष्टी परत मिळण्याचं प्रमाण मधुमेहींमध्ये इतरांपेक्षा कमी होतं.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर इथं मिळतं. शुगर जास्त असलेल्या डोळ्यावर जंतू जास्त असण्याची शक्यता, आत गेल्यावर त्यांना आवरणारी यंत्रणा मंद, छेद भरायला उशीर, आणि संसर्ग झालाच तर नजर वाचण्याची शक्यता कमी. चारही फासे उलटे.

तो तांबडा, झोंबणारा थेंब

ऑपरेशन झालेल्या कुणालाही विचारा, एक गोष्ट आठवते. टेबलावर झोपवल्यावर डोळ्यात तांबूस रंगाचं काहीतरी टाकतात. सुन्न करायचं औषध आधी टाकलेलं असलं तरी काहींना ते झोंबतं. ते असतं ५ टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन. मलमपट्टीत दिसणाऱ्या बेटाडीनचं भावंड, पण डोळ्यासाठी वेगळं बनवलेलं.

हा स्वस्तातला थेंब हा या सगळ्या कहाणीतला खरा नायक आहे. १९९१ मध्येच न्यूयॉर्कच्या त्याच गटानं दाखवून दिलं की ऑपरेशनआधी हा थेंब टाकला तर संसर्गाचं प्रमाण ०.२४ टक्क्यांवरून ०.०६ टक्क्यांवर येतं. म्हणजे चौपट कमी. आयोडीन जंतूंच्या जातीपातीत फरक करत नाही आणि अँटिबायोटिकला सरावतात तसे जंतू त्याला सरावत नाहीत. थेंब टाकल्यावर लगेच छेद न घेता काही मिनिटं थांबावं लागतं, एवढीच त्याची अट. शिबिरांच्या गर्दीत ही दोन-तीन मिनिटं फार मोलाची असतात.

एक सूचना मात्र इथंच करायला हवी. घरातली मलमपट्टीची बेटाडीनची बाटली डोळ्यात रिकामी करायची नाही. ती जास्त तीव्र असते आणि हात धुवायच्या प्रकारात तर साबणासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. त्यानं पारपटल भाजून निघतं.

भारताचा वाटा याच्या पुढच्या पायरीत आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं ऑपरेशन संपताना डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकचा थोडा डोस द्यायला सुरुवात केली आणि ६ लाखांहून अधिक ऑपरेशनांचा हिशेब २०१७ मध्ये मांडला. औषध न दिलेल्यांमध्ये संसर्ग ०.०७ टक्के, दिलेल्यांमध्ये ०.०२ टक्के. आकडे चिमुकले वाटतात. पण देशात वर्षाला लाखांनी ऑपरेशनं होतात, तिथं शेकड्यातल्या या छोट्या फरकाआड बरेच डोळे असतात.

शुगर किती असली की ऑपरेशन करायचं?

इथं गंमत आहे. सगळीकडे चालणारा एकच आकडा नाही. कुणी २०० ची रेघ धरतं, कुणी थोडी पुढे ओढतं. अनेक डॉक्टर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी बघतात. कारण एका दिवसाचा आकडा फसवा असतो. शिबिराच्या आदल्या रात्री जेवण टाळून, गोळी मात्र घेऊन येणारे लोक असतात. त्यांचा आकडा चांगला येतो, पण भुकेनं साखर फार खाली जाऊन टेबलावरच घाम फुटायची वेळ येऊ शकते. असं करू नये.

परत पाठवण्याचीही एक किंमत असते. 'शुगर कमी करून या' असं सांगितलेला माणूस महिन्याभरात परत येईलच असं नाही. गाडीभाडं, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, सुगीचे दिवस. तोवर मोतीबिंदू जास्त पिकतो, ऑपरेशन अवघड होतं, आणि नीट न दिसणारा माणूस इन्सुलिनच्या सुईवरचे आकडेही वाचू शकत नाही. म्हणजे नजर नाही म्हणून साखर बिघडते आणि साखर बिघडली म्हणून नजर मिळत नाही. त्यामुळे परत पाठवताना पुढची तारीख, गोळ्या आणि तालुक्याला कुणाला दाखवायचं हे हातात दिलं गेलं नाही, तर ते पाठवणं म्हणजे निव्वळ टोलवणं ठरतं.

नातेवाइकांनी म्हणूनच तिथंच विचारावं: किती झाली की आणू? कधी आणू? आणि पडदा तपासला का? हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. २०१५ ते २०१९ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम आढळला. मोतीबिंदू पिकलेला असेल तर पडदा धड दिसत नाही, आणि भिंग बदलूनही नजर येत नाही तेव्हा दोष ऑपरेशनला दिला जातो.

सगळेच संसर्ग घरातल्या चोराचे नसतात

जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या महापालिकेच्या ट्रॉमा केअर रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या अनेक रुग्णांना एकदमच संसर्ग झाला आणि काहींची दृष्टी गेली. अशा बातम्या आल्या की मधुमेहाकडे बोट दाखवलं जातं. पण एकाच दिवशी, एकाच खोलीत ऑपरेशन झालेल्या अनेकांचे डोळे बिघडतात तेव्हा संशय सहसा रुग्णाच्या पापणीवर जात नाही. तो जातो डोळ्यात सोडलेल्या द्रवावर, उपकरणांवर, पाण्यावर, निर्जंतुक करण्याच्या यंत्रावर. आणि अशा वेळी सापडणारा जंतू अनेकदा स्यूडोमोनास असतो, ज्याला ओल आणि पाणी आवडतं. एकट्या-दुकट्याचा संसर्ग आणि घोळक्यातला संसर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात रुग्णाची शुगर हा मुद्दा असू शकतो. दुसऱ्यात ती पळवाट होऊ नये.

२०२१ चं म्युकरमायकोसिसही महाराष्ट्र विसरलेला नाही. कोविडमधून उठलेल्या लोकांचे डोळे काढावे लागले होते. ती बुरशी होती, बॅक्टेरिया नव्हे, आणि ती नाकावाटे, सायनसमधून डोळ्याच्या खोबणीत शिरत होती. पण अनियंत्रित शुगर आणि स्टिरॉइड या जोडीनं जंतूंना किती मोकळं रान मिळतं, हे त्या काही महिन्यांत राज्यानं बघितलं.

जुलै २०२३ मध्ये आळंदीपासून सुरू झालेली डोळे येण्याची साथ हा आणखी तिसराच प्रकार. ती विषाणूची साथ होती. त्यात अँटिबायोटिकचे थेंब फारसे उपयोगाचे नव्हते. तरीही त्या दिवसांत मेडिकलवर थेंबांच्या बाटल्या मागून नेणाऱ्यांची रीघ लागली होती.

बाटलीतले थेंब

या थेंबांबद्दल थोडं कडक बोलायला हवं. घरोघरी फ्रीजच्या दारात एक अर्धी बाटली असते. कुणाचे तरी डोळे आले होते तेव्हाची. पुन्हा कुणाचा डोळा लाल झाला की तीच. अँटिबायोटिकचा असा फुटकळ वापर डोळ्यावरच्या जंतूंना सराव देतो. पडद्यासाठी डोळ्यात वारंवार इंजेक्शनं घेणाऱ्या रुग्णांवर २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे दिसलं: दर इंजेक्शननंतर अँटिबायोटिक थेंब टाकलेल्या डोळ्यांवरचे जंतू त्या औषधांना जुमानेनासे झाले. अशी इंजेक्शनं घेणाऱ्यांत मधुमेही मोठ्या संख्येनं असतात. म्हणून आता अनेक डॉक्टर इंजेक्शनच्या वेळी नुसतं आयोडीन वापरून थांबतात. तुम्हाला थेंब लिहून दिले नाहीत म्हणून डॉक्टरवर नाराज होण्याचं कारण नाही.

त्याहून घातक म्हणजे स्टिरॉइडचे थेंब. लाली तासाभरात उतरते, म्हणून ते लोकप्रिय आहेत. पण शेतात काम करताना पाचट किंवा कूस लागून पारपटलावर ओरखडा उठला असेल, तर त्यात अनेकदा बुरशी शिरलेली असते. भारतात पालापाचोळ्यानं झालेल्या जखमांमध्ये फ्युझेरियम आणि ॲस्परजिलस या बुरशी वारंवार सापडतात. तिथं स्टिरॉइड टाकणं म्हणजे राखणदाराला झोपवून दार उघडं टाकणं. शुगर असलेल्या माणसाचा राखणदार आधीच पेंगत असतो. परिणाम काय होतो ते गावात सगळ्यांना माहीत आहे, त्याला 'डोळ्यात फूल पडणं' म्हणतात. मध, तूप, दूध, गुलाबपाणी हेही अशा डोळ्यात नको. त्यातली एकही गोष्ट निर्जंतुक नसते.

ज्वारीच्या काढणीला साधा पारदर्शक चष्मा घातला तर निम्मा प्रश्न तिथंच सुटेल. पण शेतात चष्मा घालणाऱ्याला 'साहेब' म्हणून चिडवतात. असो.

ऑपरेशन ठरलं असेल तर

पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारखं साचत असेल, वरचेवर रांजणवाडी येत असेल, डोळ्यातून सतत पाणी वाहत असेल किंवा नाकाच्या बाजूला दाबल्यावर पू येत असेल, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं. अश्रूंची पिशवी तुंबलेली असेल तर ती जंतूंची टाकीच असते आणि तिचा बंदोबस्त आधी करावा लागतो. पापण्या कोमट पाण्याच्या स्वच्छ कपड्यानं शेकून रोज हळुवार पुसल्या तरी मुळाशी साचलेला मळ कमी होतो. काजळ आणि सुरमा ऑपरेशनच्या बऱ्याच आधीपासून बंद. दातात पू, पायाला जखम, लघवीची जळजळ असेल तर तेही लपवायचं नाही. 'सांगितलं तर तारीख पुढे जाईल' म्हणून गप्प राहणारे बरेच असतात.

ऑपरेशननंतर थोडी लाली आणि खुपणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. पहिल्या आठवड्यात कधीही ते उलट दिशेनं गेलं, म्हणजे दुखणं वाढलं, लाली वाढली, काल दिसत होतं त्यापेक्षा आज अंधुक दिसायला लागलं, तर तो दिवस वाट बघण्याचा नाही. शुगर असलेल्यांना दुखणं कमी जाणवू शकतं, म्हणून त्यांच्या बाबतीत दुखण्यापेक्षा दिसण्यावर लक्ष ठेवायचं. रोज सकाळी दुसरा डोळा झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयवरची तारीख वाचायला लावली तरी पुरे. तारीख पुसट झाली तर शिबिराच्या कागदावरच्या नंबरवर फोन करायचा आणि त्याच दिवशी निघायचं. डोळ्याच्या आत अँटिबायोटिकचं इंजेक्शन देण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी असेलच असं नाही, त्यामुळे कर्जतहून अहिल्यानगरच्या रस्त्याला लागायला संध्याकाळची शेवटची एसटी सुटायच्या आत ठरवावं लागतं.